आधी वाडी नकाशावर आणा

(खेड आणि मावळ तालुक्यांतल्या वाड्यांच्या बैठकीत एका तरुण कार्यकर्तीने केलेलं भाषण. बोललं तसंच छापलं आहे.)

 

आयांनो, काकांनो, माझ्या बरोबरीच्या पोरापोरींनो, आज मी दोनच आकड्यांवर बोलणार आहे. एक 20, दुसरा 40. दोन्ही गुंठ्याचे आकडे आहेत आणि दोन्हींत आपण अडकलोय.

पहिला 20 चा. तुकडेबंदीचा कायदा 1947 सालचा. शेताचे बारके तुकडे होऊन शेती मोडू नये म्हणून केलेला. 2023 साली सरकारनं प्रमाणभूत क्षेत्र ठरवलं, जिरायत 20 गुंठे आणि बागायत 10 गुंठे. त्याच्या खाली जमीन विकताही येत नाही, वाटूनही घेता येत नाही.

आमच्याच घरचं सांगते. आमची दीड एकर जिरायत, म्हणजे 60 गुंठे. बाबा धरून चार भाऊ. वाटा 15 गुंठ्यांचा. आत्याचं नाव धरलं, आणि ते धरलंच पाहिजे, तर 12. बाबा वाटणीचा अर्ज घेऊन कचेरीत गेले. तिथं सांगितलं, बसत नाही, सातबारा एकत्रच राहील. आता विहिरीला कर्ज काढायचं तर सगळ्यांच्या सह्या लागतात, आणि एक काका भोसरीला कामाला, त्याला सुट्टी नाही.

दुसरा आकडा 40 चा. म्हणजे 0.4 हेक्टर. हिरव्या झोनात, म्हणजे शेती झोनात, शेतघर बांधायचं तर किमान एवढी जमीन लागते. 12 गुंठेवाल्यानं घर कुठं बांधायचं? बांधलं की ते अनधिकृत.

आणि चाकणच्या रस्त्यानं खाली जाऊन बघा. म्हाळुंगे, खराबवाडी, कुरुळी. एक-एक गुंठ्याचे प्लॉट पाडून विकलेत. घेणारा कंपनीतला कामगार, तोही गरीबच, त्याच्यावर माझा राग नाही. पण हिशोब बघा. 2025 च्या नोव्हेंबरात अध्यादेश आला. आराखड्यात रहिवासी, व्यापारी, औद्योगिक दाखवलेल्या जमिनीवरचे तुकड्यांचे जुने व्यवहार विनाशुल्क नियमित होणार. म्हणजे जमीन आराखड्यात कुठल्या रंगात आहे, यावर तुकडा कायदेशीर का बेकायदेशीर ते ठरतं. मग आपण कुठल्या रंगात आहोत?

आपण हिरव्यात आहोत. का, ते नीट ऐका. महसूल कायद्याच्या 42-ड कलमात गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतली जमीन घरासाठी बिनशेती धरायची तरतूद आहे. पण 200 मीटर मोजायचे कुठून? गावठाणापासून. आणि गावठाण खाली गावात. आपल्या कितीतरी ठाकरवाड्या, कातकरवाड्या गावठाण म्हणून नोंदलेल्याच नाहीत. चार पिढ्यांची घरं, देव, शाळा, हातपंप सगळं आहे, पण नकाशात तिथं नुसता गट नंबर. वरून रंग भरणाऱ्याला वाडी दिसतच नाही. त्याला मोकळं रान दिसतं.

पीएमआरडीएचा प्रारूप विकास आराखडा 2021 साली आला. साठ हजारांवर हरकती गेल्या. आपल्या वाडीतून एकही गेली नव्हती. आराखडा लागलाय हेच आपल्याला मुदत संपल्यावर कळलं. 2025 साली सरकारनं तो आराखडा रद्द केला. याचा अर्थ आपण जिंकलो असा नाही. नवा होणार. चाकणची वेगळी महानगरपालिका करायचीही भाषा चालू आहे. मधला हा वेळ आपल्याला मिळालाय, तो घालवू नका.

याच वेळात दलालही येतो. आमच्याकडं आला होता. म्हणाला, "वाटणी होत नाही ना, मग सगळे मिळून एकगठ्ठा द्या. आदिवासीची जमीन असली तरी काय, कुलमुखत्यार करू, 99 वर्षांचा भाडेपट्टा करू. आता झोन बदलणार आहे." लक्षात ठेवा, महसूल कायद्याच्या 36-अ कलमात झोन हा शब्दच नाही. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, भाडेपट्टा कशानंच देता येत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला आणि गहाणाला कलेक्टरची मंजुरी लागते, त्यापुढं सरकारची पूर्वमान्यता. आणि वनहक्काचा दावा मंजूर झालेली जमीन वारसाला जाते, विकता येत नाही.

काही जण म्हणतात, आपल्याला पेसा आहे. नाही. पुणे जिल्ह्यात पेसा आंबेगाव आणि जुन्नरच्या गावांना आहे, खेड-मावळला नाही. म्हणून आपल्याला दुप्पट जागं राहायला लागतं.

आता कामं सांगते.

एक. वारस नोंद करून घ्या. तुकडेबंदीनं वाटणी अडते, वारसाचं नाव लागणं अडत नाही. मेलेल्या आज्याच्या नावावर जमीन ठेवू नका. बहिणींची नावं गाळू नका. जितकी नावं, तितका दलालाला जास्त त्रास.

दोन. वाडीची नोंद. गावठाणाची हद्द ठरवायचा आणि बदलायचा अधिकार कलम 122 खाली कलेक्टरला आहे. ग्रामसभेत ठराव करा, अर्ज द्या. सोबत घरपट्टीच्या पावत्या, नमुना 8, लाईट बिल, शाळेचा जुना दाखला, मतदार यादी. अर्जाची पोच घेतल्याशिवाय कचेरीची पायरी उतरू नका.

तीन. प्रत्येक वाडीत दोन जण नेमा, त्यात एक बाई. नवा आराखडा लागला की त्याच आठवड्यात नकाशा बघायचा आणि हरकत लेखी द्यायची.

बाबा मला म्हणाले, तू बारावी शिकलीस, आमची वाटणी करून दे. बाबा, वाटणी मला करता आली नाही. पण परवा आपल्या वाडीचा अर्ज मी टाकलाय, त्याची पोच माझ्या पिशवीत आहे. आजच्या बैठकीला जितक्या वाड्या आल्यात, तितक्या पोची पुढच्या बैठकीत मला दिसल्या पाहिजेत.

जय आदिवासी!