चोर दिसला, तर बळ किती वापरावं?


महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांवरच्या श्रोत्यांनो, आज बोलूया आपल्या मालाच्या रक्षणाबद्दल.

खळ्यावरून भाताचं पोतं कुणी उचलतंय.
त्याला अडवा. पोतं हिसकावून घ्या.
कायदा हा हक्क देतो.
१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो आहे.

पण बळ गरजेपुरतंच.

चोर हाती लागला, पोतं परत मिळालं, की हात थांबवा.
मग त्याला झाडाला बांधून मारलं, तर गुन्हा आपल्यावर.

जीवघेणा प्रतिकार फार थोड्या प्रसंगी चालतो.
जबरी चोरी.
रात्रीची घरफोडी.
राहत्या घराला लावलेली आग.
किंवा चोरी होताना आपल्याच जिवाला धोका.
तिथेही, बळ गरजेपुरतंच.

आता एक कळकळीची विनंती.
रानडुकरांसाठी बांधावरच्या तारेत वीज सोडू नका.
पहाटे गवताला निघालेली शेजारीण त्या तारेला चिकटू शकते.
तेव्हा ‘शेत राखत होतो’ हे उत्तर पुरत नाही.
सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागू शकतो.

पिकाचं नुकसान झालं, तर लगेच वनरक्षकाला कळवा, पंचनामा करून घ्या.
भरपाई मागता येते.

आणि चोराची चाहूल लागली, पोलिसांना कळवायला वेळ असला, तर आधी फोन.
क्रमांक ११२.
एक, एक, दोन.