'माझा', 'माझी' आणि इलेक्ट्रिसिटी



नंदुरबारकडील एका शाळेंत मीं पुष्कळ वर्षें इंग्रजी शिकविलें. माझें इंग्रजी बहुतेक पुस्तकावरून आलेलें, हें आरंभींच कबूल करतों.

एकदां वर्गांत एका मुलीनें 'इलेक्ट्रिकिटी' असें वाचलें. वर्ग हंसला. मीही तिला रागें भरलों. ती खालीं बसली, ती त्या वर्षीं पुन्हां आपण होऊन वाचावयास उठली नाहीं. तिची चूक ती काय? 'इलेक्ट्रिक' या शब्दास तिनें प्रत्यय जोडला व मूळ शब्द जसाच्या तसा राखला, इतकीच. प्रत्यय लागतांच 'क'चा 'स' होतो, हें मीं कधीं सांगितलेंच नव्हतें. 'पब्लिक–पब्लिसिटी', 'क्रिटिक–क्रिटिसिझम' येथेंही तोच प्रकार.

हा इंग्रजीचा लहरीपणा नव्हे. प्राचीन लॅटिनमध्यें हें अक्षर सर्वत्र 'क' असेंच उच्चारीत असत. पण पुढें इ किंवा ए आला म्हणजे जीभ टाळूकडे ओढली जाते. त्यामुळें तेथील 'क' कालांतरानें मऊ होत गेला. फ्रेंचच्या वाटेनें असे अनेक शब्द इंग्रजींत आले, ते हा भेद घेऊनच. अक्षर मात्र जुनेंच राहिलें.

आतां आपल्या घरांत पाहा. 'माझा' म्हणा, मग 'माझी' म्हणा. अक्षर एकच, पण पहिला 'झ' दंततालव्य, दुसरा तालव्य. 'पुण्याचा' व 'पुण्याची' यांतील 'च'ही तसाच. 'दूध–दुधांत', 'माणूस–माणसाला' येथें होणारा बदल आपण निदान लिहून तरी दाखवितों. 'झ'चा तेवढाही नाहीं. तरी मराठी घरांतील लहान मूल त्यांत चुकत नाहीं. आमच्याकडील गुजराती घरांतील मुलें मात्र दोन्ही 'झ' पुष्कळदां सारखेच उच्चारतात, कारण प्रमाण गुजरातींत दंततालव्य वर्ण नाहींत. त्यांना आम्हीं हंसावें, हें अर्थातच ठरलेलें!

इंग्रजीची आणखी एक खोड आहे. 'फोटोग्राफ'मध्यें जोर आरंभीं असतो. 'ई' लागतांच तो पुढें सरकतो आणि 'फटॉग्रफी' असें कांहींसें ऐकूं येतें. मराठींत असा सरकणारा जोर नाहीं, म्हणून तो कानानेंच शिकावा लागतो. मला स्वतःला तो रेडिओवरील इंग्रजी बातम्या ऐकतांना उमगला, तोंवर निम्मी नोकरी संपली होती.

पुढील वर्षीं मीं फळ्यावर प्रथम 'माझा–माझी' लिहिलें, सर्वांकडून म्हणवून घेतलें, आणि मगच 'इलेक्ट्रिसिटी'कडे वळलों. ती मुलगी तेव्हां वरच्या वर्गांत गेली होती.