वालाच्या दाण्याची ओळख

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त मैलापूर येथे झालेले भाषण)



मैलापूरच्या बाजारात जी ‘अवरैक्काय’ मिळते, तीच मराठी स्वयंपाकघरातील वालपापडी. तिचे दाणे ओंजळीत घेतले, तर त्यांचे पितृत्व रंगरूपावरून ओळखता येत नाही. दाण्याचे टरफल मातृवनस्पतीच्या पेशींचे बनलेले असते. पराग कोणाचाही असो, टरफल आईचेच.

वालाचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते. म्हणून संकर करणारा संशोधक कळी उमलण्यापूर्वीच तिच्यातील परागकोश चिमट्याने काढतो आणि दुसऱ्या वाणाचा पराग कुक्षीवर लावतो. एखादा परागकोश आधीच फुटला, तर स्वपरागण होते. ते लक्षात आले नाही, तर पुढील कित्येक पिढ्यांची निवड व्यर्थ जाते.

येथे डीएनए खुणा उपयोगी पडतात. डीएनएमध्ये काही ठिकाणी लहानसा अक्षरक्रम पुनःपुन्हा येतो आणि त्याच्या आवर्तनांची संख्या वाणागणिक वेगळी असू शकते. कोवळ्या पानातून डीएनए काढून, तेवढा भाग पीसीआरने वाढवून जेलवर धावविला, की मातृवाणाची एक पट्टी आणि पितृवाणाची दुसरी पट्टी दिसते. खऱ्या संकरात दोन्ही असतात. केवळ आईची दिसली, तर रोप स्वपरागणाचे; तिसरीच दिसली, तर परका पराग किंवा भेसळ. मात्र ज्या खुणेत दोन्ही वाण सारखेच आहेत, ती येथे निरुपयोगी ठरते.

तुरीच्या फुलांवर मधमाश्या परका पराग आणतात. त्यामुळे तिचे बियाणे शुद्ध राखणे अधिक कठीण. हैदराबादजवळील पाटनचेरू येथील इक्रिसॅटच्या संशोधकांनी आयसीपीएच २४३८ या संकरित तुरीची शुद्धता तपासण्यासाठी अशाच खुणा शोधल्या. ते संशोधन २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. शेतात पेरून पारख करावयाची, तर हंगाम सरतो. प्रयोगशाळेत काही दिवस पुरतात. हा फरक मोठा आहे. भेसळ फुलोऱ्यात उघडकीस आली, तर शेतकऱ्याचा गेलेला पाऊस कोणी परत देऊ शकत नाही.

या चाचणीने उगवणशक्ती कळत नाही, उत्पन्नाची हमीही मिळत नाही. ती एकाच प्रश्नाचे उत्तर देते: पिशवीवर ज्या वाणाचे नाव आहे, त्याचेच बी आत आहे काय? घामाचे पैसे मोजणाऱ्याला हे उत्तर पेरणीपूर्वी मिळणे, हा त्याचा हक्क आहे.