तुरुंगातून आलेलं पत्र
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आज बियाण्यावर आणि खतावर बोलणार नाही. मागच्या रास्ता रोकोत आपली पोरं पोलिसांनी उचलली. कोण कोणत्या ठाण्यात आहे, रात्रभर पत्ता नव्हता. आपण बाहेर घोषणा दिल्या. पण कुणाला किती वाजता नेलं, अंगावर वळ होते का, एवढंही कुणी लिहून ठेवलं नाही. मीसुद्धा नाही. कीड पडली की तारीखवार नोंद ठेवा, असं तुम्हाला सांगणारा मी!

१९७९ साली तिहार तुरुंगातून सुप्रीम कोर्टाच्या एका न्यायाधीशांना पत्र आलं. लिहिणारा सुनील बत्रा, फाशीची शिक्षा झालेला कैदी. त्यानं स्वतःसाठी काही मागितलं नाही. दुसऱ्या एका कैद्याचा वॉर्डरनं पैशासाठी छळ केला, एवढं कळवलं. वकील नाही, स्टँप नाही. कोर्टानं ते पत्रच अर्ज म्हणून घेतलं, चौकशीला वकील पाठवले. तुरुंगात तक्रारपेट्या ठेवा, न्यायाधीशांनी तुरुंगाला भेटी द्याव्यात, असा निकाल दिला.

त्याआधी १९७८ साली याच बत्रानं एकांत कोठडीविरुद्ध दाद मागितली होती. कोर्टानं बजावलं, की एकांत कोठडी ही वेगळी शिक्षा आहे; ती कोर्टानं द्यायची, जेलरनं आपल्या मर्जीनं नाही. कायद्यातही तिला मर्यादा आहे : एका वेळी १४ दिवस, एकूण तीन महिने. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या मंडेला नियमांनी तर सलग १५ दिवसांच्या वर एकांत नकोच म्हटलं. दिवसाचे बावीस तास माणसाचा शब्द नाही. माणूस मोडायला मग काठी लागत नाही.

पोलीस कोठडीचे नियमही पत्रातूनच आले. १९८६ साली बंगालच्या डी. के. बसूंनी कोठडीतल्या मृत्यूंबद्दल सरन्यायाधीशांना लिहिलं, आणि डिसेंबर १९९६ मध्ये निकाल लागला. अटकेचा मेमो करायचा, त्यावर वेळ आणि तारीख घालायची, घरच्या किंवा त्या भागातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही घ्यायची. नातेवाइकाला कळवायचं. कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी करायची.

भावांनो, कोर्टानं साक्षीदाराची जागा ठेवली आहे. त्या जागेवर बसायला कोर्ट दिल्लीहून माणूस पाठवणार नाही. तो आपल्याच गावातून जायला हवा.

म्हणून प्रत्येक गावात आजच पाच जण ठरवा, त्यात दोन बाया असू द्या. अटक झाली की त्यांनी ठाण्यात जायचं. दगड नाही, वही घेऊन. नाव, वेळ, ठाणं, जखमा लिहायच्या. मेमोची नक्कल मागायची. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं का, ते पाहायचं. मारहाण झाली असेल तर पोरानं ती मॅजिस्ट्रेटलाच सांगायची. भिऊन गप्प बसायचं नाही. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचं. कोठडीतल्या माणसाला तिथं वकील फुकट मिळतो.

फाशीच्या छायेत बसलेल्या माणसाला दुसऱ्यासाठी चार ओळी लिहिता आल्या. आपण तर मोकळे आहोत.