जावळाचं सूत

मेंढी बदलली की सूत बदलतं, हे आमच्या बोटांना आधी कळतं. दख्खनी मेंढीची लोकर काळी, राठ आणि आखूड. पेळू धरून चरखा सावकाश फिरवायचा, पीळ थोडा जास्तच द्यायचा, नाहीतर धागा तुटतो. कोकराची पहिली कातरण म्हणजे जावळ. ते मऊ असतं. आम्ही ते वेगळंच ठेवतो. जावळाची घोंगडी अंगाला टोचत नाही. मेरिनोची लोकर याहून कितीतरी मऊ म्हणा, पण चिंचोक्याची खळ खाऊन पाऊस झेलायचा, तर आपली दख्खनीच बरी.

जत भागातली माडग्याळ मेंढी उंच, मटणाला चांगली. तिच्या अंगावर कातण्याजोगी लोकर जवळजवळ नाहीच. बाजार मटणाचा, म्हणून कळपात माडग्याळ मेंढा सोडतात. पोटाचा प्रश्न आहे, घरधन्याला बोल कसा लावणार? पण पुढच्या पिढीची लोकर विरळ होते, पेळू जमत नाही. तेव्हा एवढं मागून घ्या: चारदोन काळ्या दख्खनी मेंढ्या आणि त्यांच्याच जातीचा एक मेंढा वेगळा राखा. आणि कातरणीआधी मेंढ्या धुवा. लोकरीत माती राहिली, तर सूत सारखं तुटतं.