आभाळातील कणगी



हेदवीस गेलेला पाहुणा दशभुजा गणपतीचे दर्शन घेतो, भरतीची वेळ साधून बामणघळीत उसळणारे पाणी पाहतो आणि सूर्य बुडाला की परतीस लागतो. आमची विनंती अशी की, त्याने आणखी पंधरावीस मिनिटे थांबावे आणि पश्चिमेकडे न पाहता थेट डोक्यावर पाहावे. तेथला निळा रंग फिका न होता गडद होत जातो. आम्ही हे अनेकदा पाहिले आहे. हल्बर्ट यांनी 1953 साली गणिताने दाखविले की, ही किमया मुख्यतः वरच्या हवेतील ओझोनची. मावळतीचे तिरके किरण त्यातून लांबवर प्रवास करतात. त्यांतला नारिंगी-तांबडा भाग ओझोन गिळतो.

हा सारा ओझोन खाली आणून जमिनीवरच्या दाबाखाली पसरला, तर आपल्या भागात हिवाळ्यात जेमतेम अडीच मिलिमीटरांचा थर होईल. उन्हाळ्यात काही दशांशांनी अधिक. एवढा फरक डोळ्यांस कसा कळावा? त्यासाठी इंग्लंडात डॉबसन यांनी यंत्र रचले. सूर्याच्या जंबुपार, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, प्रकाशातील दोन किरण ते ताडून पाहते. त्यांतला एक ओझोन फार शोषतो, दुसरा थोडा. असे वेध पुण्यासही घेतले गेले. आपल्या देशात या कामाचा पाया घालणाऱ्यांत रामनाथन यांचे नाव अग्रभागी आहे.

गंमत अशी की, ओझोन सर्वाधिक निपजतो तो उष्ण कटिबंधावर, कारण ऊन आपल्याकडे. पण वरचे संथ वारे तो ध्रुवाकडे वाहून नेतात आणि हिवाळ्यात त्यांचा जोर मोठा. म्हणून तेव्हा आपली कणगी रिती आणि वसंतात उत्तरेकडची चार मिलिमीटरांपर्यंत भरलेली! पिकवणारा एक आणि साठवणारा दुसरा, हे कोकणच्या माणसास समजावून सांगावयास नको.

दरवर्षी तीच टिपणे कशाला, असे आम्हांस विचारतात. अंटार्क्टिकावरील हॅली तळावर 1950 च्या दशकापासून तीच टिपणे चालली होती. तेथे ऑक्टोबरात, म्हणजे तिकडच्या वसंतात, साठा तीन मिलिमीटरांच्या आसपास असे. 1984 पर्यंत तो दोनांच्या खाली आला. फारमन, गार्डिनर व शँकलिन यांनी हे 1985 साली प्रसिद्ध केले. दोष शीतकपाटांतून आणि फवाऱ्याच्या डब्यांतून सुटलेल्या क्लोरीनयुक्त वायूंचा. जुनी पाने नसती, तर हा बिघाड कशाशी ताडला असता? 1987 च्या माँट्रियल कराराने त्या वायूंना आवर घातला. भारत 1992 साली त्यात सामील झाला. ते वायू हवेत दशकानुदशके टिकतात. त्यामुळे तिकडच्या वसंतात कणगीस अजून भोक पडतेच. ती भरते आहे, पण फार सावकाश.