धुकें आणि नीहार

माघांत पवनेवर धुकें दाटलें म्हणजे चिंचवडचें मोरया गोसावींचें समाधिमंदिर घटकाभर दिसेनासें होतें. कवि यालाच नीहार म्हणेल. शब्द मोठा जुना. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत जगाचा कर्ता न जाणणारे लोक नीहारानें वेढलेले म्हटले आहेत.

पुढें अमरकोशानें नीहार, तुषार, तुहिन, हिम, मिहिका हे सारे शब्द एकाच माळेंत ओंवले, आणि दंव, बर्फ, धुकें यांतील भेद पुसला. कवींची सोय झाली, शेतकऱ्याची नव्हे. आंब्याच्या मोहोरावर धुकें बसलें कीं भुरी येते, मोहोर गळतो. तेथें तुहिन म्हणून कसें भागेल?

मिहिका 'मिह्' म्हणजे शिंपणें या धातूची. मेघहि त्याच घरचा, आणि इंग्रजी 'मिस्ट' दूरचा भाऊबंद. या घरांत सगळी ओल. मराठी धुई मात्र धूमिकेची लेक, आणि धुकेंहि धुराच्याच गोतांतलें.

आतां पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांचा व मोटारींचा धूर धुक्यांत मिसळतो. त्या मिश्रणास 'धुरकें' म्हणतात. म्हणजे एका शब्दांत धूर दोनदां आला.